चार फुटी टाकीच्या जुन्या स्टँडमध्ये मोठा संप

आमच्या पुण्यातल्या घरी माशांची चार फुटी टाकी आहे. ४८ बाय १८ बाय २० इंच, काठोकाठ भरली तर २८३ लिटर. तिच्या खालच्या लोखंडी स्टँडमध्ये बरीच वर्षं २४ बाय १२ बाय १४ इंचांचा संप, म्हणजे फिल्टर आणि पंप ठेवायची काचेची पेटी, होता आणि तो पुरतो असंच मी धरून चाललो होतो. पावसाळ्यात एका रात्री वीज गेली, रिटर्न पंप (संपातलं पाणी परत टाकीत चढवणारा) थांबला, आणि सकाळी उठलो तेव्हा हॉलमध्ये घोट्याच्या खालपर्यंत नाही, पण गालिचा पूर्ण भिजेल इतकं पाणी होतं. संपाला तडा गेला नव्हता, गळतीही नव्हती. वरून परत आलेलं पाणी त्याच्यात मावलंच नव्हतं. त्यानंतर मी तोच स्टँड कापून त्यात ३६ इंची संप बसवला. त्यातलं प्रत्येक माप आणि प्रत्येक पायरी इथे लिहितो आहे, कारण लोखंड एकदा चुकीचं कापलं की वर चारशे किलो ठेवायची हिंमत होत नाही.

आधी पाणी मोजा, मग जागा

संप किती मोठा हवा हे स्टँडमध्ये किती जागा आहे यावर ठरवू नका. पंप बंद पडल्यावर किती पाणी खाली येतं यावर ठरवा.

माझ्या टाकीचं पृष्ठफळ ४८ बाय १८ इंच आहे. पाण्याची पातळी एक इंच उतरली की १४ लिटर पाणी खाली येतं. ओव्हरफ्लोच्या (टाकीतलं जास्तीचं पाणी संपात उतरवणाऱ्या) कप्प्यात आणि पाईपांत उरलेलं साधारण ४ लिटर धरा. म्हणजे सगळं नीट चाललं तरी वीज गेल्यावर १८ लिटर संपात उतरणारच. जुन्या संपाचा तळ २४ बाय १२, त्यात १८ लिटर म्हणजे ३.८ इंच चढ. तो मी १० इंच भरून चालवत होतो आणि त्याची उंची १४. म्हणजे रोजचं नेहमीचं पाणीसुद्धा जेमतेम काठाला टेकत होतं.

त्या रात्री मात्र नेहमीचं झालं नाही. रिटर्नच्या तोटीचं तोंड पाण्याखाली ३ इंच होतं आणि सायफन (पाईपातून पाणी उलटं ओढलं जाणं) हवा शिरून तुटावा म्हणून पाडलेलं बारीक भोक शेवाळानं बुजलं होतं. त्यामुळे एक इंचाऐवजी तीन इंच पाणी उलटं ओढलं गेलं. ४२ लिटर, अधिक पाईपांतले ४, असे ४६ लिटर. हा आकडा लिहून ठेवा, कारण संप याच आकड्याला पुरला पाहिजे. भोक कधीतरी बुजणार हे गृहीत धरायचं.

३६ बाय १४ बाय १५ इंच (आतली मापं) संपात हे ४६ लिटर ओतले तर पातळी ५.६ इंच चढते. चालू पातळी ९ इंच ठेवली तर १४.६ वर थांबते. काठ १५ ला. म्हणून हे माप. तुमच्या टाकीचा हिशोब असाच करा: लांबी गुणिले रुंदी गुणिले तोटीची पाण्याखालची खोली, सगळं इंचांत, भागिले ६१ म्हणजे लिटर आले.

मोठ्या संपाचा आणखी एक फायदा पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये कळतो. पाण्याचं बाष्प सगळ्या टाकीतून होतं, पण पातळी उतरताना दिसते ती फक्त पंपाच्या कप्प्यात, कारण बाकीच्या कप्प्यांची पातळी आडव्या काचा धरून ठेवतात. पंपाचा कप्पा ८ बाय १४ इंचांचा असेल तर दर लिटरमागे अर्धा इंच पाणी उतरतं. दिवसाला तीन-चार लिटर उडाले की दीड ते दोन इंच. कप्पा लहान असेल तर दोन दिवस गावाला गेलात की पंप कोरडा फिरायला लागतो. म्हणून काचवाल्याकडे संप बनवायला देताना पंपाचा कप्पा काटकसरीनं ठेवू नका.

संपाची वाट मोजा

आतली जागा सगळेच मोजतात. संप आत कसा जाणार ते मोजायचं राहतं.

माझा स्टँड दीड बाय दीड इंच एमएस (साध्या लोखंडी) स्क्वेअर पाईपचा, २ मिमी जाडीचा (दुकानात १४ गेज म्हणतात), उंची ३० इंच. खालची चौकट जमिनीपासून ३ इंचांवर. दोन्ही चौकटींच्या मधली मोकळी उंची २४ इंच, डावी-उजवीकडच्या पायांमधली मोकळी लांबी ४५ इंच, पुढच्या-मागच्या पायांमधली मोकळी रुंदी १५ इंच. ६ मिमी काचेचा माझा संप बाहेरून ३६.५ बाय १४.५ इंच, उंची १५ इंच २ सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). आत तो सहज बसतो. पण पुढच्या बाजूला मधोमध एक पाय होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जेमतेम पावणेबावीस इंचांच्या खिडक्या. त्यातून साडेछत्तीस इंची काचेची पेटी कशीही तिरकी करून जात नाही.

हे कागदावर करत बसू नका. फ्रिज किंवा वॉशिंग मशीनचा खोका घ्या, संपाच्या बाहेरच्या मापाचा डबा चिकटपट्टीनं बनवा आणि तो खरोखर आत घालून, बाहेर काढून बघा. पुठ्ठ्याचा डबा अडला तर काच नक्की अडणार. डबा आत ठेवून त्याच्यावर हात घाला: पंप उचलून बाहेर काढता येतो का? फिल्टर सॉक (गाळ अडवणारी कापडी पिशवी) ओढून काढता येतो का? माझ्याकडे संपाच्या वर साडेसात इंच उरले. पंप सहा इंचांचा आहे, म्हणून चालतं. यापेक्षा उंच संप घेतला असता तर दर आठवड्याची साफसफाई जाचक झाली असती.

बाजूनं की पुढून?

पहिली पसंती नेहमी बाजूची. स्टँडच्या टोकाच्या चौकटीतून, म्हणजे १८ इंची बाजूनं, संप सरळ सरकवता आला तर वजन पेलणाऱ्या कुठल्याही पायाला हात लावावा लागत नाही. तिथे फॅब्रिकेटर बहुतेकदा मधोमध एक आडवी पट्टी टाकतात. ती वजन पेलत नाही, पण स्टँडला डुलू देत नाही. ती कापलीत तर संप आत गेल्यावर त्याच जागी नट-बोल्टनं पुन्हा बसवा, आणि स्टँडच्या मागच्या बाजूला १२ मिमी प्लाय स्क्रूनं घट्ट मारा. नुसतं कापून सोडून दिलं तर टाकीला खांदा लागला की सगळं हलतं.

साडेचौदा इंची संप पंधरा इंचांच्या वाटेतून जातो, दोन्ही बाजूंना दोन-दोन सूत सोडून. त्यामुळे टँक कनेक्टर (काचेच्या भोकात पाईप बसवायचा जोड) किंवा कुठलीही फिटिंग बाहेर आलेली असेल तर ती आधी बसवायची नाही. आणि स्टँडच्या शेजारी संप धरून उभं राहायला तीन फुटांहून जास्त मोकळी जमीन हवी. माझी टाकी एका बाजूला कॉलम आणि दुसऱ्या बाजूला शोकेस यांच्या मधे आहे, म्हणून मला पुढचा मधला पाय काढावा लागला. हे काम अवघड आहे, तेव्हा इथे जरा थांबतो.

मधला पाय काढायचा तर

टाकीचं वजन बघा. पाणी साधारण २८० किलो, १० मिमी काच ५५ किलोच्या पुढे, दगड-वाळू वेगळी. चारशे किलो धरा. त्यातले निम्मे, दोनशे किलो, पुढच्या आडव्या पाईपवर. मधला पाय असताना हा पाईप दोन छोट्या तुकड्यांवर काम करतो. पाय काढला की तो पावणेचार फुटांचा एकच पूल होतो.

तो पाईप तुटणार नाही. लोखंडाची ताकद त्या वजनाला भरपूर आहे, आणि म्हणूनच अनेक जण बेफिकीर राहतात. पण तो वाकेल. दीड इंची २ मिमी पाईप या वजनाखाली मधोमध सुमारे ३ मिमी खाली जाऊ शकतो. डोळ्याला ३ मिमी दिसतही नाही, काचेला मात्र ते सोसत नाही. काच वाकत नाही. ताण कोपऱ्यातल्या सिलिकॉनवर आणि तळाच्या काचेवर येतो, आणि काम झाल्यावर काही महिन्यांनी, कुठलंच कारण नसताना, सांधा सुटतो.

उपाय सोपा आहे: पाईपची उंची वाढवा. जाडी वाढवून फारसं साधत नाही. आहे त्या पाईपच्या खाली तसाच दुसरा पाईप लावून दोन्ही नीट वेल्ड केले, तर ताठपणा पाचपटीहून जास्त वाढतो आणि वाक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येतो. बदल्यात पुढच्या खिडकीची उंची दीड इंचानं कमी होते. माझ्या २४ चे साडेबावीस झाले, संप सव्वापंधरा, तेव्हा काही अडलं नाही.

हे चार फुटांपुरतं खरं आहे. सहा फुटी टाकीला वजन दीडपट आणि अंतरही दीडपट. वाक अंतराच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे एकूण पाचपट. सहा फुटी स्टँडचा मधला पाय काढू नका. तिथे मधल्या पायाच्या दोन बाजूंना दोन संप ठेवून ते दीड-दोन इंची पाईपनं खालून जोडा, किंवा संप सरळ स्टँडच्या बाहेर, शेजारच्या कपाटात न्या.

प्लायवूडच्या स्टँडमध्ये तर उभ्या फळ्याच खांब असतात. तिथे बाजूला मोठी खिडकी कापणं म्हणजे खांब कापणं. लाकडी स्टँडला माझा सल्ला नवा लोखंडी स्टँड करून घेण्याचा आहे.

मासे कुठे ठेवायचे

भरलेल्या टाकीखाली जॅक किंवा टेकू लावून पाय कापणारे लोक मी पाहिले आहेत. ते करू नका, कितीही अनुभवी वेल्डर असला तरी. जॅकचा टेकू एका बिंदूवर येतो, आणि ग्राइंडरच्या ठिणग्या काचेवर बसल्या की त्या काचेत रुततात, पुसून निघत नाहीत.

टाकी पूर्ण रिकामी करायची. मासे ठेवायला नवा संपच वापरा, ही युक्ती मला फार उपयोगी पडली. काचवाल्याकडून संप आणल्यावर सिलिकॉन वाळायला किमान तीन दिवस द्या, मी आठवडा दिला. मग तो सपाट फरशीवर थर्माकोलच्या शीटवर ठेवून टाकीतल्या जुन्याच पाण्यानं भरा. शंभर लिटर पाणी, हीटर लागत असेल तर हीटर, आणि जुन्या संपातले स्पंज व सिरॅमिक रिंग हवेच्या दगडाशेजारी. यात दोन गोष्टी साधतात: माशांना ओळखीचं पाणी मिळतं, आणि संप गळतो का हे स्टँडमध्ये जायच्या आधीच कळतं. मासे मोठे किंवा भांडकुदळ असतील तर निळा प्लॅस्टिकचा ड्रमही घ्या. हे सगळं कामाच्या आदल्या दिवशी, आणि त्या दिवसापासून खाणं बंद ठेवा. फिल्टरच्या रिंग कोरड्या पडू देऊ नका. त्यांच्यावरचे जिवाणू मेले तर पुन्हा महिनाभर अमोनियाशी झगडावं लागतं.

वाळू, दगड काढा. उरलेलं पाणी तळापर्यंत उपसा. टाकी उचलताना चार जण, हात तळाखाली, वरच्या कडेला धरून कधीच नाही.

कापणं आणि वेल्डिंग

स्टँड घराबाहेर न्या. घरात वेल्डिंग नको. पाईप जीआय (जस्ताचा लेप दिलेला) असेल तर जस्ताचा धूर विषारी असतो, त्याचा लेप आधी घासून काढावा लागतो. एमएस असेल तर फक्त रंग खरवडला की झालं.

क्रम असा ठेवा. मधला पाय वरच्या पाईपपासून आणि खालच्या चौकटीपासून कापून काढा, कापलेल्या जागा ग्राइंडरनं सपाट करा. खालच्या चौकटीखालचा जमिनीला टेकणारा तुकडा मात्र तसाच राहू द्या. तो काढला तर संपाच्या वजनानं खालची चौकट वाकेल, आणि नंतर तिथे काहीही लावणं कठीण. कापलेला पाय जपून ठेवा, तो परत लागणार आहे.

आता ४५ इंचांचा दुसरा पाईप, दोन्ही टोकांना घट्ट बसेल असा, वरच्या पाईपच्या खाली क्लॅम्पनं आवळा. पाईप जोडाचा नको, अखंड हवा. टोकं दोन्ही पायांना चारी बाजूंनी वेल्ड करा. वरच्या पाईपला मात्र सलग वेल्डिंग करू नका. उष्णतेनं पाईप धनुष्यासारखा होतो. दीड इंच वेल्ड, मग सहा इंच मोकळे, एकदा पुढून एकदा मागून, असं आलटून पालटून. पूर्ण थंड होईपर्यंत क्लॅम्प सोडू नका. टोकांच्या खाली दोन-अडीच इंचांच्या त्रिकोणी पट्ट्या लावा. मधली वाट भरपूर रुंद आहे, संप त्यांना लागत नाही.

थंड झाल्यावर स्टँड उभा करून वरच्या चौकटीवर सरळ पट्टी आडवी धरा. पट्टीखालून एक मिलिमीटरपेक्षा जास्त उजेड दिसत असेल तर वेल्डरला परत करायला लावा. माझ्या वेल्डरनं "थर्माकोल घेईल की सांभाळून" म्हटलं होतं. थर्माकोल खडे आणि बारीक उंचसखलपणा सांभाळतो, वाकडी चौकट नाही.

जपून ठेवलेल्या पायाच्या दोन्ही टोकांना ५ मिमी जाडीच्या, चार इंच लांब पट्ट्या वेल्ड करून घ्या, आणि वरच्या-खालच्या पाईपला त्यांच्या भोकांसमोर नट बसवून घ्या. हा पाय आता बोल्टनं काढता-घालता येतो. लांबीला तो, पट्ट्या धरून, आता उरलेल्या साडेबावीस इंचांच्या उंचीपेक्षा अर्ध्या सुताएवढा आखूड ठेवा. कारण पुढे येतं.

रंगाचे दोन थर: रेड ऑक्साईड, मग इपॉक्सी किंवा चांगला एनॅमल. संपाजवळ दमट हवा कायम असते, त्यामुळे पाईपच्या उघड्या तोंडांना झाकणं लावा आणि सांध्यांच्या आतल्या बाजूला ब्रश नेऊनच लावा. वास पूर्ण जाईपर्यंत स्टँड घरात आणू नका.

पुन्हा उभारणी

स्टँड जागेवर ठेवून पाणसळ लावा, लांबीत आणि रुंदीत. कमी पडेल तिथे पायाखाली लोखंडी पत्र्याचे तुकडे सरकवा. लाकडी पाचर किंवा पुठ्ठा नको, ते दबतात. जागा निवडताना एवढं लक्षात ठेवा की आयएस ८७५ हे भारतीय मानक राहत्या खोलीच्या स्लॅबसाठी चौरस मीटरला २०० किलो धरतं, आणि टाकी-संप मिळून एका छोट्या जागेवर पाचशे किलो येतं. म्हणून टाकी भिंतीलगत, शक्यतो बीमच्या रेषेवर असावी. खोलीच्या मधे पार्टिशनसारखी नको. टाकी चार फुटांहून मोठी असेल तर इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारा.

खालच्या चौकटीवर १८ मिमी मरीन प्लाय, कडा रंगवून बंद केलेल्या. त्याच्यावर १० मिमी फोम. मासे वरच्या टाकीत जाईपर्यंत संप रिकामा होणार नाही, म्हणून आता टाकीखाली नवी थर्माकोल शीट घालून टाकी वर ठेवा. जुनी शीट वापरू नका. ती जुन्या चौकटीच्या आकारात दबलेली असते.

टाकी एकदम भरू नका. पुढच्या आडव्या पाईपच्या खालच्या कडेला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बारीक दोरा ताणून बांधा आणि मधोमध दोरा व पाईप यांतलं अंतर पट्टीनं मोजून लिहा. पाव टाकी भरा, मोजा. अर्धी भरा, मोजा. पूर्ण भरा, मोजा, आणि एक रात्र तशीच ठेवून सकाळी पुन्हा मोजा. माझ्याकडे फरक एक मिलिमीटरच्या आत राहिला. दोनवर गेला असता तर मी टाकी रिकामी केली असती.

आता मासे वर सोडा. संप उपसून हलका करा, दोघांनी पुढून सरळ आत सरकवा. मग तो मधला पाय बोल्टनं बसवा. टाकीच्या वजनानं वरचा पाईप थोडा बसलेला असतो, म्हणून पाय आखूड ठेवला होता. उरलेल्या फटीत पातळ पत्रा घट्ट बसेल असा सरकवा आणि बोल्ट आवळा. भार पेलणारा मुख्य पाईप वरचा आहे, हा पाय राखीव आधार. पुढे कधी संप काढायचा झाला तर चार बोल्ट सोडले की वाट मोकळी.

प्लंबिंगमध्ये जास्त काही बदलत नाही. पंपापासून वर जाताना पहिला हातभर भाग लवचिक नळीचा ठेवा, कंप लोखंडात जात नाही. प्रत्येक पाईपला युनियन (हातानं खोलता येणारा जोड) लावा. रिटर्नच्या तोटीचं तोंड ३ इंचांऐवजी १ इंच खोल करा, आणि सायफन तोडणारं ५-६ मिमीचं भोक पाण्याच्या पातळीच्या लगेच खाली, डोळ्यांना दिसेल अशा जागी पाडा. नुसत्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नका, क्षारानं तो अडकतो. एक्स्टेन्शन बोर्ड स्टँडच्या बाजूच्या भिंतीला उंच लावा, प्रत्येक वायर बोर्डात जाण्याआधी खाली झोळ देऊन, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी प्लगमध्ये जाणार नाही. त्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) हवाच, कारण लोखंड, पाणी आणि वीज तिन्ही एकाच कपाटात आहेत. स्टँडला अर्थिंग जोडून घ्या.

आता त्या रात्रीची परीक्षा मुद्दाम घ्या. संप ९ इंचांपर्यंत भरून पंप सुरू करा, तासभर चालू द्या, काचेवर मार्करनं रेघ ओढा. पंप बंद करा. पाणी उतरणं थांबलं की दुसरी रेघ. मग पंप सुरू करून पाणी पहिल्या रेघेवर येऊ द्या, सायफनचं भोक बोटानं दाबून धरा आणि पुन्हा पंप बंद करा, तिसरी रेघ. ही तिसरी रेघ संपाच्या काठाच्या खाली असेल तरच काम झालं. नसेल तर चालू पातळी अर्धा इंच कमी करून पुन्हा बघा. तिन्ही रेघा पुसू नका. दर वेळी पाणी भरताना पहिल्या रेघेच्या वर जायचं नाही.

पहिले दोन आठवडे रोज अमोनियाची चाचणी करा आणि खाणं निम्मं द्या. पंधरा दिवसांनी दोरा पुन्हा ताणून मोजा, मधल्या पायाचे बोल्ट एकदा आवळून बघा, आणि खालच्या चौकटीच्या सांध्यांवर गंज धरलाय का ते टॉर्च घेऊन तपासा. गंजाचा ठिपका दिसला तर त्याच दिवशी घासून रंग लावा.